टाकीचे घाव कोणाला, देवपण कोणाला?

गेल्या महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाचक मंडळात सोव्हिएत रशियाच्या औद्योगिकीकरणाचा विषय निघाला आणि दोन तास नुसती रस्सीखेच झाली. लाकडी नांगराचा देश तीस वर्षांत उपग्रह सोडण्यापर्यंत पोहोचला, एवढ्या झेपेसाठी काही सोसावे लागणारच, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे एका बाजूचे म्हणणे होते. लाखो माणसे उपाशी मेली, आकडे खोटे होते, तेव्हा त्या पोलादाबद्दल आणखी बोलायचेच काय, असे दुसरी बाजू म्हणत होती. बडोद्यात हा वाद नुसता पुस्तकी राहत नाही. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला तो सोव्हिएत तंत्रज्ञांच्या मदतीने. त्याच्या पाठोपाठ खतांचा कारखाना, पेट्रोरसायनांचे संकुल, नंदेसरीची वसाहत असा जो पट्टा सरकारच्या पुढाकाराने शहराच्या उत्तरेस उभा राहिला, त्यावर इथल्या कितीतरी मराठी घरांच्या चुली पेटल्या, त्यात माझीही होती. म्हणूनच हा वाद चुकीच्या पायावर लढला जातो याचे मला वाईट वाटते. दोन्ही बाजू एका पारड्यात पोलाद ठेवतात, दुसऱ्यात प्रेते ठेवतात आणि काटा कुठे झुकतो ते पाहतात. त्या प्रेतांच्या मोबदल्यातच ते पोलाद मिळाले, हे दोघांनीही न तपासता धरून चाललेले असते. माझे म्हणणे असे की त्या यातनांचा फार मोठा भाग कशाचीच किंमत नव्हता. ते निव्वळ नुकसान होते, आणि ते इतके वाढले याचे कारण ते वेळीच कळवू शकणाऱ्यांची तोंडे बंद केली गेली होती.

विरोधी बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे आधी मान्य करतो. १९२८ साली सोव्हिएत संघात सुमारे ४३ लाख टन पोलाद होत होते, १९४० साली ते १ कोटी ८३ लाख टनांवर गेले. हे आकडे काही प्रचाराचे नाहीत. उरल पर्वताच्या पायथ्याशी उघड्या माळावर मॅग्निटोगोर्स्कचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि तिथली पहिली झोतभट्टी १९३२ च्या आरंभी पेटली. कारखान्यांत, विद्यापीठांत, दवाखान्यांत स्त्रिया इतक्या संख्येने आल्या की त्या काळच्या फार थोड्या देशांत तसे दिसत होते. १९३१ च्या फेब्रुवारीत स्टालिनने कारखान्यांच्या व्यवस्थापकांपुढे सांगितले होते की आपण पुढारलेल्या देशांच्या पन्नास ते शंभर वर्षे मागे आहोत आणि हे अंतर दहा वर्षांत तोडले नाही तर ते आपल्याला चिरडून टाकतील. बरोबर दहा वर्षांनी, १९४१ च्या जूनमध्ये, हिटलरच्या फौजा सरहद्द ओलांडून आत आल्या. त्या वर्षीच्या उत्तरार्धात पंधराशेहून अधिक मोठे कारखाने यंत्रांसकट पूर्वेकडे हलवले गेले आणि तिथून रणगाडे निघू लागले. नाझीवादाचा पराभव ही साऱ्या जगाची कमाई आहे, आणि तिच्यात या कारखान्यांचा वाटा नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण यातून सिद्ध काय होते? कारखाने उपयोगी पडले एवढेच. १९३२-३३ चा दुष्काळ उपयोगी पडला, हे सिद्ध होत नाही. किंमत म्हणजे जे दिल्यावाचून वस्तू हाती येत नाही ते. बाजारात भाजी घ्यायला गेलेल्या माणसाने दहा रुपये दिले आणि वाटेत त्याचे शंभर रुपये पडले, तर भाजी एकशे दहा रुपयांना पडली असे कोणी म्हणत नाही. सोव्हिएत हिशेब या नजरेने पाहू. यंत्रे परदेशातून आणायची तर परकीय चलन हवे, आणि विकायला होते मुख्यतः धान्य. १९३० साली सुमारे ४८ लाख टन आणि १९३१ साली त्याहून थोडे अधिक धान्य परदेशी गेले. १९२९ च्या मंदीनंतर धान्याचे जागतिक भाव कोसळले होते, त्यामुळे त्याच यंत्रासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पोती द्यावी लागत होती. १९३२ साली गावेच्या गावे उपाशी पडू लागली तरीही सतरा-अठरा लाख टन बाहेर गेले. माणसाला वर्षाला दोनशे किलो धान्य धरले, तर ढोबळ हिशेबाने तेवढ्यात ऐंशी लाखांहून अधिक माणसे वर्षभर जगली असती, आणि त्या दुष्काळातल्या मृत्यूंचे बहुतेक अंदाज पन्नास ते सत्तर लाखांच्या दरम्यानचे आहेत. या निर्यातीला तरी कोणी किंमत म्हणेल, कारण धान्य देऊन यंत्र आले. इतरत्र मात्र तेवढेही समर्थन सापडत नाही.

सामूहिकीकरणाचेच, म्हणजे शेतकऱ्यांची शेते सक्तीने एकत्र करण्याचेच, पाहा. शेतकऱ्यांची गुरे सामूहिक शेतीत जमा करण्याचा हुकूम आल्यावर लोकांनी ती कापून खाल्ली, उरलेली वैरणीवाचून मेली. पाच वर्षांत देशातले घोडे आणि गाईबैल जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणजे स्टालिनग्राडच्या कारखान्यातून जे नवे ट्रॅक्टर गाजावाजा करून बाहेर पडत होते, त्यांतले बरेचसे मेलेल्या घोड्यांची जागा भरण्यातच खर्ची पडले. शेतीतून उद्योगाकडे गेलेली निव्वळ साधनसंपत्ती या काळात वाढलीच नाही, असे बारसोव या सोव्हिएत अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्याच दप्तरांवरून मांडले. त्याच्या हिशेबावर पुढे वाद झाले, पण शेतकऱ्याला पिळले म्हणून कारखाना उभा राहिला, हे सरळ समीकरण त्यानंतर पूर्वीच्या आत्मविश्वासाने मांडता येत नाही. कझाकस्तानात तर समीकरण मांडायला काही शिल्लकच राहत नाही. फिरस्त्या पशुपालकांना सक्तीने एका जागी बसवले, मांसाचे कोटे लादले, आणि सुमारे चार कोटी जनावरांतली ४५ लाखांच्या आसपास उरली. सुमारे १५ लाख माणसे मेली, कझाक समाजाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग संपला. या मृत्यूंतून कोणती भट्टी पेटली? ज्या मांसासाठी हे केले ते मांसही हाती आले नाही.

यावर एक विचार करण्यासारखी हरकत घेतली जाते: खेडी मोडली नसती तर कारखान्यांना मजूर कुठून मिळाले असते? मजूर खेड्यांतून आले हे खरेच आहे. पण १९३२ च्या डिसेंबरात सोव्हिएत सरकारने देशांतर्गत पारपत्राची पद्धत का आणली? शहरांकडे येणारा लोंढा त्याला आवरेना म्हणून. पुढच्याच महिन्यात युक्रेन आणि दक्षिण रशियातल्या कुबान प्रदेशातल्या शेतकऱ्यांना आपला प्रदेश सोडून जाण्यास मनाई झाली. मजुरांची खरोखर टंचाई असती, तर उपाशी माणसाला कामाकडे जाण्यापासून कोणी अडवले नसते.

आता त्या म्हणीकडे येतो, कारण आमच्या मंडळात टाळ्या तिलाच मिळाल्या. टाकीचे घाव ज्या दगडावर पडतात, देवपणही त्याच दगडाला येते, म्हणून ती म्हण खरी आहे. इथे घाव युक्रेनच्या शेतकरणीवर आणि कझाक मेंढपाळावर पडले, आणि देवपण मॉस्कोतल्या नियोजकांना मिळाले, पुढच्या पिढ्यांना मिळाले, थोडेसे कोयलीलाही पोहोचले. दुसऱ्याच्या अंगावरचे घाव पाहून त्याला सोसण्याचा उपदेश करणे आपल्याला सुचते तरी कसे? आपणच सोसणारे होतो तेव्हा हा हिशेब आपण मान्य केला नव्हता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळत असताना हिंदुस्थानातून गव्हाची निर्यात चालू होती, आणि दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी सरकारने पाठवलेल्या रिचर्ड टेंपल या साहेबाने दिवसाला एक पौंड धान्य येईल इतके पैसे आणि वर एक आणा, एवढ्यावर आणून ठेवली होती. तेव्हा मजुरांनी काम सोडले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारच्या तोंडावर ठेवली. इंग्रजी राज्याचे समर्थक आजही म्हणतात की त्याच राज्याने रेल्वे आणली. त्यांना आपण काय उत्तर देतो? रेल्वेसाठी दुष्काळातला गहू बाहेर पाठवण्याची गरज नव्हती, हेच. मग तेव्हाचा व्हाइसरॉय लिटन याला लावलेला निकष स्टालिनला लावताना आपला हात का अडखळतो? त्याचा उद्देश चांगला होता म्हणून? उपाशी माणसाला उद्देश दिसत नाही.

आणि आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसलो ती. बडोदे संस्थानाच्या १९०१ च्या जनगणनेचा अहवाल मी काही वर्षांपूर्वी पाहिला. पाने पिवळी होऊन कडेला तुटू लागली आहेत, उलटताना खाली तळहात धरावा लागतो. त्यात १८९१ ची लोकसंख्या २४ लाखांच्या वर आणि १९०१ ची साडेएकोणीस लाख दिलेली आहे. गुजराती माणूस ज्याला आजही छपनियो म्हणतो तो १८९९-१९०० चा दुष्काळ आणि त्याच्या आगेमागे आलेले रोग या दोन आकड्यांच्या मधे आहेत. संस्थानाची अब्रू जाईल असा आकडा संस्थानाच्याच अहवालात, तालुकावार, छापलेला आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्याने ती माणसे वाचवली नाहीत, हे मी झाकू इच्छित नाही, स्थलांतर जमेस धरले तरी ती घट भयंकर आहे. परंतु किती माणसे कमी झाली हे त्या राज्याने मोजले आणि सांगितले. याच्या शेजारी १९३७ ची सोव्हिएत जनगणना ठेवा. १९३३ च्या अखेरीस देशाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाख असल्याचे स्टालिनने जाहीर करून ठेवले होते. त्यानंतर तीन वर्षांनी, १९३७ च्या जानेवारीत, प्रत्यक्ष मोजणीत ती १६ कोटी २० लाखच भरली. जनगणना रद्द झाली, तिचे निष्कर्ष दडपले गेले आणि जनगणना विभागाचे प्रमुख क्विटकिन यांना गोळ्या घालण्यात आल्या. या दोन मोजण्यांमधला फरक मला सगळ्या पोलादाच्या आकड्यांहून अधिक बोलका वाटतो. जिथे मेलेला माणूस कागदावर येऊ शकतो, तिथे पुढचा माणूस वाचण्याची निदान शक्यता असते. चीनमध्ये १९५९ च्या उन्हाळ्यात संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी परसातल्या पोलादभट्ट्यांची आणि फुगवलेल्या पिकांच्या आकड्यांची खरी स्थिती माओंना पत्राने कळवली. त्यांना पदावरून काढले गेले, धान्यवसुली चालूच राहिली, आणि सर्वाधिक मृत्यू त्यानंतरच्या वर्षात झाले.

सत्य वर का पोहोचत नाही, हे मी ऐकून सांगत नाही. नोकरीच्या उमेदीच्या काळात मी एका कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होतो. महिन्याची शेवटची रात्र होती, माल सकाळी निघायचा होता. बाहेर सोडायच्या सांडपाण्यात मी पीएचचा कागद बुडवला तो नारिंगी-लाल झाला, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा तीनच्या आसपास; उदासीन पाण्याचा तो सात असतो. टाकीत चुना टाकून ते पाणी उदासीन करायला दोन तास लागले असते आणि तोवर प्लांट थांबवावा लागला असता. वरिष्ठ म्हणाले, "सात लिहा." मी सात लिहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना वरून महिन्याचा आकडा आलेला होता, आणि त्या वरच्यांना त्यांच्याही वरून. सकाळी लॉगशीट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने ते पाणी स्वच्छ होते. पुष्कळ वर्षांनी, पट्ट्याच्या खालच्या अंगाच्या एका गावात गेलो असता, तिथल्या बाईंनी हातपंपाचे पिवळसर पाणी भरलेले पातेले माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "आ पाणीमां दाळ चडती नथी, भाई." या पाण्यात डाळ शिजत नाही. त्या पाण्यात माझ्या त्या रात्रीचा अंश होता की नाही हे कोणीच सांगू शकणार नाही, कारण ज्यावरून सांगता आले असते तो आकडा मीच लिहिला नाही. १९८३ पासून या पट्ट्याचे सांडपाणी पन्नासेक किलोमीटर लांबीच्या बांधीव नाल्याने मही नदीच्या मुखाकडे नेले जाते, आणि तसा नाला बांधावा लागला यातच त्याआधीच्या वर्षांचा कबुलीजबाब आहे. चुना टाकण्याचे ते दोन तास ही त्या मालाची किंमत होती. ती आम्ही दिली नाही. त्या बाईंच्या वाट्याला आले ते नुकसान, आणि त्यातून एक किलो जादा माल निघाला नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण अधिक अवघड आहे, आणि ते टाळणाऱ्याचा युक्तिवाद मी गंभीरपणे घेणार नाही. तिथे हुकूमशाही होती, सरकार उद्योगांना लक्ष्ये नेमून देत होते, पोहांगचा पोलाद कारखाना १९७३ साली सुरू झाला, आणि दुष्काळ न पडता एका पिढीत देशाचे रूप पालटले. मग सक्ती चालते असे म्हणावे का? पण त्या झेपेच्या आधी कोरियात काय झाले होते ते पाहिले पाहिजे. १९५० च्या सुमारास जमीन कुळांच्या नावे झाली होती आणि ते दशक संपेपर्यंत प्राथमिक शाळा जवळजवळ प्रत्येक मुलापर्यंत पोहोचली होती. सक्तीने जे लादले गेले, त्यातले काय उपयोगी पडले हा प्रश्न तरीही उरतो. १३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलच्या कापडबाजारात चोन थे-इल या बावीस वर्षांच्या शिंपीकाम करणाऱ्या कामगाराने कामगार कायद्याच्या पुस्तकासह स्वतःला पेटवून घेतले. आम्ही यंत्रे नाही, कायदा पाळा, एवढीच त्याची मागणी होती. नवा कायदाही तो मागत नव्हता, १९५३ सालापासून पुस्तकात असलेलाच अमलात आणा म्हणत होता. तो पाळला तर निर्यात बुडेल असे तेव्हा सांगितले जाई. १९८७ च्या लोकशाही आंदोलनानंतर संघटना उभ्या राहिल्या, मजुरी झपाट्याने वाढली, आणि निर्यात बुडाली नाही. कोरियाचे उद्योग शिलाईवरून जहाजांकडे, मोटारींकडे आणि चिपांकडे सरकतच राहिले. म्हणजे त्या कापडबाजारातल्या माळ्यावरच्या बुटक्या खोल्यांत शिलाई करणाऱ्या पोरींची फुप्फुसे जी खराब झाली, ती औद्योगिकीकरणाची अट होती असे त्याच देशाचा पुढचा इतिहास म्हणू देत नाही.

सयाजीरावांच्या बडोद्याला मी याच्या तोडीचे यश म्हणून पुढे करणार नाही. संस्थानाने सरकारी भांडवलावर कापडाची गिरणी काढली, गणदेवीला साखरेचा कारखाना काढला. साखर कारखाना चालला नाही, गिरणी पुढे खाजगी मालकांकडे गेली. मुद्दा असा की तोटा दिसला तेव्हा तो तोटा म्हणून मान्य करता आला, आणि सरकारने आपला हात दुसरीकडे वळवला: १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा निघाली, १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन झाली, अमरेली तालुक्यात १८९३ साली सुरू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ साली संस्थानभर लागू झाले. कलाभवन उभारणारे रसायनशास्त्राचे प्रा. गज्जर यांच्याच पुढाकारातून १९०७ साली अलेंबिक ही रसायने आणि औषधे बनवणारी कंपनी निघाली. ही वाट संथ होती, आणि खरी औद्योगिक भरभराट १९६० नंतर दिल्ली आणि गांधीनगरच्या मोठ्या भांडवलानेच आली, हे मान्यच आहे. सरकारने कारखाने काढू नयेत असे मी म्हणत नाही. मी ज्या पगारावर मुले शिकवली तो पगार सरकारने वसवलेल्या पट्ट्यातलाच होता.

स्वतंत्र भारतात दुष्काळाने माणसे अशी मारली गेली नाहीत, याचे श्रेय वर्तमानपत्रांना आणि निवडणुकांना आहे. परंतु ज्यांचा आवाज त्या दोन्हींपर्यंत पोहोचत नव्हता, त्यांच्या बाबतीत आपणही किंमत हाच शब्द वापरला. बडोद्याहून दोन तासांवर केवडियाजवळच्या सहा गावांची जमीन १९६१ साली नर्मदा धरणाच्या वसाहतीसाठी घेतली गेली, ती १८९४ च्या इंग्रजी कायद्याखाली आणि रोख मोबदल्यावर. नर्मदेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने १९७९ साली बुडिताखाली जमीन जाणाऱ्या शेतकरी कुटुंबांना किमान २ हेक्टर जमीन देण्याचे ठरवले, पण वसाहतीसाठी उठवलेली ही सहा गावे त्या व्याख्येत बसली नाहीत. या सहा गावांना जमीन दिली असती तर धरणाची उंची एका इंचाने तरी कमी झाली असती का?

शेवटची हरकत सर्वांत प्रामाणिक माणसे घेतात. गरिबाला थांबायला वेळ नाही, ते म्हणतात, चौकशा आणि सुनावण्या हा पोट भरलेल्यांचा शौक आहे. घाईची गरज मला मान्य आहे, मी गरिबी पाहिलेली आहे. पण वेळ खरोखर कशात जातो ते तपासावे. पर्यावरणविषयक जनसुनावणी १९९७ पासून आपल्याकडे बंधनकारक आहे, आणि मोठ्या प्रकल्पाच्या आयुष्यात तिला काही आठवडे लागतात. अशा एका सुनावणीत मी मागच्या रांगेत बसलो होतो. एका शेतकऱ्याने उठून विचारले की कारखाना सुरू होण्याआधी आमच्या बोअरचे पाणी तपासून त्याचे आकडे पंचायतीच्या फळ्यावर लावाल का, आणि नंतर दर महिन्याला लावाल का. व्यासपीठावरून उत्तर आले की यामुळे प्रकल्पाला विलंब होईल. पाण्याची बाटली भरायला दोन मिनिटे लागतात, प्रयोगशाळेत तपासणीला काही दिवस, आणि फळ्यावर खडूने आकडे लिहायला पाच मिनिटे. त्यासाठी पायाचे खोदकाम एक दिवसही थांबवावे लागत नाही.